गणित शिक्षण, महाराष्ट्रातील शालेय

शालेय गणिताचे अध्ययन व अध्यापन सुकर व्हावे, म्हणून शिक्षक आणि विद्यार्थी यांना संघटितपणे पुरविण्यात आलेली साधने व साहाय्य यांचा महाराष्ट्रातील इतिहास येथे दिला आहे. पाठ्यपुस्तके, परिभाषा, शिक्षकांचे प्रशिक्षण, स्पर्धा व परीक्षा, शैक्षणिक साहित्य आणि अध्यापनविषयक संशोधन यांचा या साधनांत समावेश होतो. या प्रयत्नांत दोन प्रवाह आढळतात. गणितात विशेष गती असलेल्या मुलांना हेरून त्यांना पुढे नेणे हा पहिला आणि या विषयात मागे पडणाऱ्या बहुसंख्य मुलांना आधार देणे हा दुसरा. पहिल्या प्रवाहाची यंत्रणा तुलनेने लवकर व सुघटित स्वरूपात उभी राहिली; दुसऱ्याचे यश मात्र वर्गातील शिक्षकाला कितपत बळ मिळते, यावर अवलंबून राहिले. मुंबईच्या पूर्व उपनगरांतील गोवंडी–मानखुर्द परिसरात हे दोन्ही प्रवाह एकमेकांच्या शेजारी पाहावयास मिळतात. त्यामुळे या इतिहासात त्या परिसराला विशेष महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : इंग्रजी अमदानीपूर्वी व तिच्या आरंभकाळात महाराष्ट्रातील गणिताचे शिक्षण पंतोजींच्या शाळांतून होत असे. धूळपाटीवर अंक गिरविणे, पाढे पाठ करणे आणि व्यवहारातील हिशेब करणे, हे त्याचे स्वरूप होते. पूर्णांकांच्या पाढ्यांबरोबर पावकी (१/४), निमकी (१/२), पाऊणकी (३/४), सवायकी (१ १/४), दिडकी (१ १/२), अडीचकी (२ १/२) आणि औटकी (३ १/२) असे अपूर्णांकांचे पाढेही मुखोद्गत करून घेतले जात. रुपयाचे सोळा आणे, मणाचे चाळीस शेर अशा मापनपद्धतीत तोंडी हिशेब झटपट करण्यासाठी या पाढ्यांचा मोठा उपयोग होई. या शिक्षणात स्मरणशक्ती व तोंडी हिशेब यांवर भर असे. रीतीमागील कारण सांगण्याचा प्रघात नव्हता. शिकणारी मुले मुख्यतः लेखनाचा व व्यापाराचा व्यवसाय करणाऱ्या कुटुंबांतील असत. मुली आणि अस्पृश्य मानलेल्या जातींतील मुले बहुतांशी या शाळांबाहेरच राहिली.

एकोणिसावे शतक : मुंबईत १८२२ साली शालेय पुस्तकांच्या निर्मितीसाठी एक संस्था स्थापन झाली. पुढे ती ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. या संस्थेच्या आश्रयाने कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी जगन्नाथशास्त्री क्रमवंत यांच्या साहाय्याने इंग्रजी ग्रंथांच्या आधारे अंकगणित, बीजगणित व भूमिती या विषयांवरील मराठी पुस्तके तयार केली. आधुनिक गणित मराठीत आणण्याचा हा पहिला संघटित प्रयत्न होय. परिभाषेसाठी संस्कृतातील गणितग्रंथांचा आधार घेण्यात आला. अंश, छेद, गुणक, वर्गमूळ, त्रैराशिक यांसारख्या जुन्या संज्ञा शालेय मराठीत स्थिर झाल्या. बाळशास्त्री जांभेकर (१८१२–४६) यांनी एल्फिन्स्टन संस्थेत गणिताचे अध्यापन केले व शून्यलब्धी या विषयावर मराठीत लेखन केले. केरो लक्ष्मण छत्रे यांनी अंकगणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. उत्तम अध्यापक म्हणून त्यांची ख्याती होती व लोकमान्य टिळक हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी एक होत. १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात स्वतंत्र शिक्षण खाते सुरू झाले आणि पाठ्यपुस्तके, तपासणी व परीक्षा यांना एकसारखे रूप येऊ लागले. मराठी शाळांतील शिक्षकांसाठी मराठी शालापत्रक हे नियतकालिक १८६१ पासून निघू लागले. कृष्णशास्त्री व विष्णुशास्त्री चिपळूणकर या पितापुत्रांचा त्याच्या संपादनाशी संबंध होता.

शिक्षणाचा लाभ कोणाला मिळतो, हा प्रश्न या काळात महात्मा जोतीराव फुले (१८२७–९०) यांनी ऐरणीवर आणला. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात त्यांनी, सरकारी खर्चाचा ओघ उच्च शिक्षणाकडे वळतो व कष्टकरी रयतेचे प्राथमिक शिक्षण उपेक्षित राहते, असे दाखवून दिले. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, त्यांना पुरेसे वेतन मिळावे आणि खेड्यांतील अभ्यासक्रमात मोडी व बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब व शेतीविषयक प्राथमिक ज्ञान असावे, अशी मागणी त्यांनी केली. हिशेब न येणारा शेतकरी सावकाराच्या वहीपुढे असहाय ठरतो, ही वस्तुस्थिती तत्कालीन महाराष्ट्राच्या परिचयाची होती. अंकगणित हे सामान्य माणसाच्या संरक्षणाचे साधन आहे, हा विचार त्या मागणीच्या मुळाशी आहे.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध : रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) हे १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत सीनिअर रँग्लर झाले. त्यांच्या यशामुळे गणितातील प्रावीण्य हे बुद्धिमत्तेचे सर्वोच्च प्रमाण मानण्याची वृत्ती महाराष्ट्रात बळावली. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचे ग्रंथालय दीर्घकाळ पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. तथापि अशा संस्थांचा लाभ मुख्यतः महाविद्यालयीन अध्यापकांना होत असे. शाळेतील शिक्षकासाठी पाठ्यपुस्तक, तपासनीसाचा शेरा व परीक्षेचा निकाल यांपलीकडे विषयाशी जोडणारा दुवा जवळजवळ नव्हता.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–८६) यांचे उदाहरण या संदर्भात लक्षणीय आहे. १९३० ते १९६२ या काळात त्यांनी देवळाली येथे शाळेत अध्यापन केले आणि स्वतःच्या आवडीने संख्यांच्या गुणधर्मांचा अभ्यास केला. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिच्या अंकांपासून बनणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करीत गेल्यास अखेर ६१७४ ही संख्या मिळते, हा त्यांचा शोध प्रसिद्ध आहे. उदा., ३५२४ या संख्येपासून ५४३२ − २३४५ = ३०८७, नंतर ८७३० − ०३७८ = ८३५२ व त्यानंतर ८५३२ − २३५८ = ६१७४. या शोधासाठी लागणारे गणित प्राथमिक शाळेतील वजाबाकीपलीकडचे नाही. कापरेकरांना देशात दीर्घकाळ उपेक्षाच सहन करावी लागली. १९७५ मध्ये अमेरिकेतील मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्या कार्यावर लिहिल्यानंतर त्यांना व्यापक प्रसिद्धी मिळाली. शालेय शिक्षक हा गणिताचा चिंतकही असू शकतो, हे त्यांच्या जीवनावरून सिद्ध झाले. अशा शिक्षकाला आधार देणारी व्यवस्था मात्र त्या काळी नव्हती, हेही त्यातून दिसून आले.

राज्यनिर्मितीनंतर : १ एप्रिल १९५७ पासून देशात दशमान नाणेपद्धती सुरू झाली व त्यापाठोपाठ मेट्रिक मापे आली. आणे-पै, मण-शेर यांवरील उदाहरणे पुस्तकांतून गेली आणि पावकी-निमकीचे पाढेही हळूहळू मागे पडले. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर शिक्षणाची यंत्रणा नव्याने बांधण्यात आली. १९६४ मध्ये पुणे येथे राज्य शिक्षण संस्था सुरू झाली. तिचे रूपांतर १९८४ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत झाले. २७ जानेवारी १९६७ रोजी महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती) स्थापन झाले. त्यामुळे प्राथमिक शाळांना अनेक माध्यमांतून एकाच अभ्यासक्रमावर आधारलेली स्वस्त पाठ्यपुस्तके मिळू लागली.

रशियाने १९५७ मध्ये पहिला कृत्रिम उपग्रह सोडल्यानंतर पाश्चात्त्य देशांत शालेय गणिताच्या फेररचनेची मोठी चळवळ सुरू झाली. ‘नवे गणित’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या चळवळीत संच, संबंध, संख्यापद्धतींची रचना यांवर भर होता. भारतात १९६० नंतरच्या दशकात माध्यमिक शिक्षकांसाठी उन्हाळी संस्था भरविण्यात येऊ लागल्या आणि कोठारी आयोगाने (१९६४–६६) पहिल्या दहा वर्षांच्या शिक्षणात गणित व विज्ञान सर्वांना अनिवार्य असावे, अशी शिफारस केली. महाराष्ट्रातील पाठ्यपुस्तकांत ‘संच’ हा घटक आला तो या लाटेतूनच. दहा वर्षांच्या शालेय आकृतिबंधानुसार राज्यातील पहिली शालान्त परीक्षा १९७५ मध्ये झाली. तिच्यामुळे गणित प्रत्येक विद्यार्थ्याच्या मार्गात आले. नवा आशय पुस्तकात आला, तरी अध्यापनाची रीत फारशी बदलली नाही. संचाची व्याख्या पाठ करून घेणे, ही पाढ्यांचीच नवी आवृत्ती ठरली. शिक्षकांना आशयाची ओळख करून देणारी अल्पकालीन शिबिरे भरत. तथापि वर्गात परतल्यावर येणाऱ्या अडचणींसाठी त्यांना सातत्याने साहाय्य मिळत नसे.

शासनाबाहेरील काही प्रयत्नही या काळात झाले. १९६६ मध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. सुप्रसिद्ध गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर (१९३०–२०१२) यांनी १९७६ मध्ये पुणे येथे भास्कराचार्य प्रतिष्ठान ही संस्था स्थापन केली. संशोधनाबरोबर शालेय विद्यार्थ्यांना गणिताच्या स्पर्धांसाठी मार्गदर्शन करण्याचे कार्यही या संस्थेने केले. शालेय शिक्षकांच्या गणित अध्यापक मंडळांनी संबोध, प्रावीण्य व प्रज्ञा या नावांच्या परीक्षा घेऊन पाठ्यपुस्तकापलीकडील गणिताची गोडी लावण्याचा प्रयत्न केला. शिक्षकांनी स्वतः चालविलेला उपक्रम म्हणून त्याला महत्त्व आहे.

होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र : टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील काही वैज्ञानिक १९६० नंतरच्या दशकापासून मुंबईतील शालेय विज्ञान शिक्षणात रस घेऊ लागले होते. भौतिकीविज्ञ भा. मा. उदगावकर हे त्यांतील अग्रणी होत. या प्रयत्नांतून १९७४ मध्ये सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र स्थापन झाले. केंद्राच्या कार्यास नाना चौकातील महापालिका शाळेत आरंभ झाला. व्ही. जी. कुलकर्णी यांच्या संचालकत्वाखाली केंद्राने जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांसाठी प्रकल्प राबविला. खर्चिक उपकरणांवाचून आणि नेहमीच्याच शिक्षकांच्या साहाय्याने अध्यापन सुधारता येते का, हे त्यात पाहावयाचे होते.

या अनुभवातून केंद्राचे लक्ष भाषेकडे वळले. पाठ्यपुस्तकातील संस्कृतप्रचुर व लांबलचक वाक्ये हाच ग्रामीण व वंचित मुलांच्या मार्गातील मोठा अडसर असून आशय तोच ठेवून भाषा सोपी केल्यास आकलन सुधारते, असे १९८० च्या सुमारास झालेल्या अभ्यासांतून दिसून आले. गणितातील शाब्दिक उदाहरणांनाही हे लागू पडते. अनेकदा मुलाला भागाकार येत असतो, परंतु उदाहरणात भागाकार करावयाचा आहे हे वाक्यावरून उमगत नाही. त्याच सुमारास मुंबई महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राने प्रज्ञाशोध व संवर्धनाचा प्रकल्प हाती घेतला. निवडलेल्या मुलांना शालान्त परीक्षेपर्यंत पूरक मार्गदर्शन मिळाले आणि त्यांच्या यशात लक्षणीय सुधारणा झाली. गुणवत्ता ही विशिष्ट थरांतच असते, हा समज त्यामुळे खोटा ठरला. पहिल्या प्रवाहातील ‘निवड’ आणि दुसऱ्या प्रवाहातील ‘आधार’ यांची सांगड घालणारा प्रयोग म्हणून त्याचे मोल विशेष आहे.

१९९२ मध्ये केंद्र गोवंडीलगत मानखुर्द येथे वि. ना. पुरव मार्गावरील स्वतःच्या वास्तूत आले.

गोवंडी–मानखुर्द परिसर : हा परिसर मुंबई महापालिकेच्या ‘एम पूर्व’ प्रभागात मोडतो. देवनारची कचराभूमी व कत्तलखाना, तुर्भे येथील अणुसंशोधन केंद्र व तेलशुद्धीकरण कारखाने, टाटा सामाजिक विज्ञान संस्था आणि शहराच्या इतर भागांतून हलविलेल्या लोकांच्या विस्तीर्ण वसाहती असे त्याचे संमिश्र स्वरूप आहे. शिवाजीनगर, बैंगणवाडी या वस्त्या आणि १९७६ मध्ये जनता कॉलनीतील रहिवाशांना हलवून वसविलेला चीता कॅम्प ही पुनर्वसनाची ठळक उदाहरणे होत. महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात हा प्रभाग शहरातील सर्व प्रभागांत तळाशी असून त्याचा मानव विकास निर्देशांक अवघा ०·०५ इतका दाखविला आहे. वस्त्यांतील मुले मराठी, हिंदी, उर्दू व तमिळ अशा निरनिराळ्या भाषा बोलणाऱ्या कुटुंबांतील आहेत. घरची भाषा एक, शाळेचे माध्यम दुसरे आणि गणिताच्या संज्ञा तिसऱ्याच, अशी अनेकांची स्थिती असते. घर बदलल्यामुळे शाळा मध्येच सुटणे, हीदेखील पुनर्वसित कुटुंबांतील नित्याची अडचण होय. गणितात एक पायरी सुटली की पुढील पायऱ्या कठीण होतात. त्यामुळे अशा खंडाचा फटका इतर विषयांपेक्षा या विषयाला अधिक बसतो.

तथापि या मुलांना गणित येतच नाही, असे म्हणता येत नाही. मुंबईतील एका मोठ्या श्रमिक वस्तीतील शालेय मुलांच्या व्यवहारज्ञानाचा केंद्राच्या संशोधकांनी अभ्यास केला. घरगुती उद्योगांत हातभार लावणारी मुले नगांचे हिशेब, मजुरीचा दर व मापे यांविषयी बरेच काही जाणतात, पण शाळेतील लेखी गणिताशी या ज्ञानाचा सांधा जुळत नाही, असे त्यात आढळून आले. व्यवहारात ती अर्धे, अर्ध्याचे अर्धे अशा रीतीने मापांचे भाग पाडतात. जुन्या पावकी-निमकीशी असलेले याचे साम्य ध्यानात घेण्यासारखे आहे.

गणित ऑलिंपियाड : आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रूमानियात सुरू झाले. तीत प्रत्येक देशाचे सहापर्यंत विद्यार्थी भाग घेतात. दोन दिवस साडेचार तास बसून एकूण सहा प्रश्न सोडवावयाचे असतात व प्रत्येक प्रश्नाला ७ गुण असतात. भारतात अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये राष्ट्रीय उच्च गणित मंडळ स्थापन केले. त्याच्या वतीने १९८६ पासून राष्ट्रीय गणित ऑलिंपियाड घेतले जाऊ लागले व १९८९ पासून भारतीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरू लागला. १९९६ मध्ये ही स्पर्धा मुंबईत भरली. त्यानंतर होमी भाभा केंद्र हे देशातील विज्ञान व गणित ऑलिंपियाडांचे प्रमुख केंद्र बनले आणि निवडक विद्यार्थ्यांची प्रशिक्षण शिबिरे तेथे भरू लागली. २०२४ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे झालेल्या स्पर्धेत भारताने चार सुवर्णपदकांसह चौथे स्थान मिळविले.

ऑलिंपियाडमुळे शालेय गणितात कूटप्रश्न, सिद्धता व स्वतंत्र विचार यांना प्रतिष्ठा मिळाली, हा त्याचा मोठा लाभ होय. परंतु त्याची तयारी करण्याची सोय प्रामुख्याने मोठ्या शहरांत व सुस्थित कुटुंबांना उपलब्ध असते. ज्या वास्तूत देशातील निवडक विद्यार्थी आंतरराष्ट्रीय स्पर्धेची तयारी करतात, तिच्यापासून थोड्याच अंतरावरील शाळांत सातवीतील मुलांना अपूर्णांकांची बेरीज अवघड वाटते. महाराष्ट्रातील गणित शिक्षणाच्या विषमतेचे हे संक्षिप्त रूप म्हणता येईल.

अध्यापनविषयक संशोधन : केंद्रातील गणित शिक्षणाच्या संशोधनाचा रोख विद्यार्थ्यांच्या चुकांमागील तर्क शोधण्याकडे आहे. के. सुब्रमण्यम् व त्यांचे सहकारी यांनी २००० नंतर केंद्राच्या परिसरातील मराठी व इंग्रजी माध्यमांच्या शाळांतील मुलांसमवेत सुटीतील वर्गांतून काही अध्यापनरीती विकसित केल्या. त्यांतील तीन उदाहरणे येथे दिली आहेत.

(१) पदांची रीत : १३ − ५ + ४ याचे उत्तर अनेक मुले ५ व ४ यांची आधी बेरीज करून ४ असे काढतात. क्रियांच्या क्रमाचा नियम पाठ असूनही ही चूक होते. या रीतीत राशी वाचताना प्रथम तिची पदे चिन्हासह वेगळी करावयाची असतात : +१३, −५ व +४. पदे कोणत्याही क्रमाने एकत्र केली, तरी किंमत बदलत नाही. उत्तर १२ येते. ५ + ३ × २ यात +५ हे साधे पद व +३ × २ हे गुणाकाराचे पद असल्याने ५ व ३ यांची बेरीज आधी करता येत नाही, हे मुलाला दिसू लागते. पुढे बीजगणितात ५ + ३क्ष म्हणजे ८क्ष का नव्हे, हेही त्याच युक्तीने समजते. अंकगणित व बीजगणित यांमधील दरी यामुळे कमी होते.

(२) समान वाटणी व मापन : ३/४ म्हणजे ‘एका भाकरीचे चार भाग करून त्यांतील तीन घेणे’ एवढाच अर्थ शिकविला, तर ५/४ या अपूर्णांकाचा अर्थ लागत नाही, कारण चार भागांतून पाच भाग घेता येत नाहीत. त्याऐवजी तीन भाकरी चार मुलांत सारख्या वाटल्यास प्रत्येकाला मिळणारा वाटा म्हणजे ३/४ आणि एका मापाचा चौथा भाग तीनदा घेतला की मिळते तेही ३/४, असे दोन्ही अर्थ एकत्र आणले जातात. पाच भाकरी चार मुलांत वाटल्यावर ५/४ सहज येतो.

(३) ऋण संख्यांचे अर्थ : शिक्षकांबरोबर घेतलेल्या कार्यशाळांत ऋण संख्या स्थिती (उदा., शून्याखालील तापमान), बदल (उदा., घट) व दोन राशींमधील संबंध (उदा., किती कमी) या तीन अर्थांनी येते, असे विवेचन झाले. ‘वजा वजा अधिक’ हा नियम सांगून थांबण्याऐवजी दिलेल्या प्रसंगात कोणता अर्थ लागू आहे, याचा विचार शिक्षक करू लागतात, असा या कार्यशाळांचा अनुभव आहे.

केंद्राने २००४ मध्ये गोवा येथे विज्ञान, तंत्रविद्या व गणित यांच्या शिक्षणविषयक संशोधनाची ‘एपिस्टीम’ ही आंतरराष्ट्रीय परिषद भरविली व पुढे तिची मालिका सुरू ठेवली. २०१७ नंतर केंद्रीय शाळांतील आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी व शिक्षकांसाठी ‘विज्ञान प्रतिभा’ हा राष्ट्रीय उपक्रमही केंद्राने हाती घेतला. तथापि संशोधन आणि राज्यातील हजारो शाळा यांच्यामध्ये मोठे अंतर आहे. केंद्राला रीत तपासून पाहता येते. ती सर्वत्र पोहोचविण्याचे काम राज्याच्या यंत्रणेलाच करावे लागते.

संख्यानामांचा प्रश्न : मराठीत २१ ते ९९ या संख्या बोलताना एकक आधी व दशक नंतर येतो, लिहिताना मात्र दशक आधी लिहितात. ‘पंचेचाळीस’ ऐकल्यावर कानाला पाच आधी लागतात, पण लेखन ४५ असे करावयाचे असते. शिवाय एकोणतीस, त्र्याहत्तर, ब्याण्णव यांसारखी जोडाक्षरयुक्त व रूपे बदललेली नामे स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. यास्तव २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’ याबरोबर ‘वीस एक’, ‘बावीस’ याबरोबर ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती देण्यात आली. गणितज्ञ मंगला नारळीकर (१९४३–२०२३) या त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्ष होत्या. गणितगप्पा, गणिताच्या सोप्या वाटा यांसारखी त्यांची पुस्तके सर्वसामान्य वाचकांत लोकप्रिय आहेत. या बदलावर विधिमंडळात, वृत्तपत्रांत व घराघरांत वादंग माजले. जुनी संख्यानामे हे भाषेचे वैभव असून ती गमावू नयेत, असा एक पक्ष होता. घरी मराठी न बोलणाऱ्या व प्रथमच शाळेत आलेल्या कुटुंबांतील मुलांची अडचण दूर करणे अधिक महत्त्वाचे, असा दुसरा पक्ष होता. नवी पद्धती सुचविणाऱ्यांनी जुनी नामे काढून टाकली नव्हती, ही गोष्ट वादाच्या भरात पुष्कळदा नजरेआड झाली. शालेय गणितावर महाराष्ट्रात एवढी व्यापक लोकचर्चा क्वचितच झाली असेल. मात्र पहिली-दुसरीला शिकविणाऱ्या शिक्षकांचा अनुभव या चर्चेत फारसा ऐकू आला नाही.

संख्यानामांखेरीज माध्यमाचा प्रश्नही आहे. अनेक मराठी शाळांनी गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकविणारी ‘सेमी-इंग्रजी’ पद्धती स्वीकारली. लघुतम साधारण विभाज्य, समद्विभुज, परिमेय या संज्ञा एकीकडे आणि त्यांचे इंग्रजी पर्याय दुसरीकडे, अशा दुहेरी परिभाषेत शिक्षकाला वावरावे लागते. वर्गात प्रत्यक्षात विवेचन मराठीत व संज्ञा इंग्रजीत असे मिश्र रूप आढळते.

परीक्षा व आधार : शिष्यवृत्ती परीक्षा, प्रज्ञाशोध परीक्षा आणि शालान्त परीक्षा यांचा गणिताच्या अध्यापनावर मोठा पगडा आहे. शिष्यवृत्ती परीक्षांमुळे ग्रामीण भागातील अनेक गुणी मुले पुढे आली आणि त्यांच्यासाठी जादा वर्ग घेणाऱ्या शिक्षकांची परंपराच राज्यात निर्माण झाली. दुसऱ्या टोकाला, शालान्त परीक्षेत गणितात अनुत्तीर्ण होऊन शिक्षण सोडणाऱ्यांचा प्रश्न सतत भेडसावत राहिला. त्यावर उपाय म्हणून काही वर्षे ‘सामान्य गणित’ हा सोपा पर्याय देण्यात आला. पुढे तो बंद झाला. २०२४ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रम आराखड्यात गणित व विज्ञान या विषयांत ३५ पेक्षा कमी पण किमान २० गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्याला, पुढे ते विषय न घेण्याच्या शेऱ्यासह, अकरावीत जाऊ देण्याची तरतूद सुचविण्यात आली. अशा उपायांमुळे मुलाचे वर्ष वाचते. परंतु गणितावर आधारलेल्या शिक्षणाचे व व्यवसायांचे दार त्याला पंधरा-सोळाव्या वर्षी बंद होते. हे दार कोणत्या थरांतील मुलांना अधिक प्रमाणात बंद होईल, याचा अंदाज गोवंडीसारख्या परिसरावरून करता येतो.

२००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यासाठी आर. रामानुजम् यांच्या अध्यक्षतेखाली तयार झालेल्या गणितविषयक निबंधात शालेय गणिताच्या चार प्रमुख समस्या नोंदविल्या आहेत : बहुसंख्य मुलांत असलेली भीती व अपयशाची भावना, गुणी व मागे पडणारी अशा दोन्ही मुलांना निराश करणारा अभ्यासक्रम, यांत्रिक मूल्यमापन, आणि शिक्षकांच्या तयारीचा व त्यांना मिळणाऱ्या साहाय्याचा अभाव. यांतील चौथी समस्या सुटल्याखेरीज पहिल्या तीन सुटणे कठीण आहे.

शिक्षकांसाठी साहाय्य : १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था स्थापन झाल्या. १९९४ पासून मराठवाड्यातील काही जिल्ह्यांत जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम सुरू झाला आणि गट व केंद्र पातळीवर शिक्षकांनी एकत्र येण्याची पद्धती रूढ झाली. केंद्रप्रमुखांनी भरविलेल्या शिक्षण परिषदा हे तिचे प्रत्यक्ष रूप होय. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी विज्ञान व गणिताच्या शिक्षकाची तरतूद आवश्यक ठरली. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला. शाळांना मणी, दशकांचे दांडे, अपूर्णांकांच्या चकत्या, नाणी-नोटा इ. साहित्य असलेल्या गणित पेट्या देण्यात आल्या. स्वयंसेवी संस्थांपैकी १९९५ मध्ये मुंबईत कार्यास आरंभ केलेल्या ‘प्रथम’ने वाचन व अंकज्ञान यांच्या साध्या चाचण्या रूढ केल्या, तर ‘नवनिर्मिती’ने कृतीतून गणित शिकविण्याचे स्वस्त साहित्य तयार केले.

या साधनांचा उपयोग शिक्षकाच्या परिस्थितीवर अवलंबून असतो. मोठ्या पटाचे किंवा बहुवर्गीय वर्ग, निवडणुका व जनगणना यांसारखी अशैक्षणिक कामे आणि एकामागून एक येणारी प्रशिक्षणे यांमुळे नव्या रीतीचा सराव करावयास शिक्षकाला उसंत मिळत नाही. अनेक ठिकाणी गणित पेटी मोडेल किंवा साहित्य हरवेल या भीतीने कपाटातच राहते. याउलट जेथे शिक्षक नियमितपणे एकत्र येऊन मुलांच्या चुकांची चर्चा करतात व नवी रीत वर्गात वापरून पाहतात, तेथे साध्या साहित्यानेही फरक पडतो, असा अनुभव आहे. खिरोदा प्रकल्पापासून मानखुर्द येथील कार्यशाळांपर्यंतच्या प्रयोगांचे हेच सार होय.

महाराष्ट्राने दोनशे वर्षांत शालेय गणितासाठी परिभाषा घडविली, पाठ्यपुस्तके सर्वदूर पोहोचविली आणि प्रज्ञावंत विद्यार्थी शोधण्याची कार्यक्षम यंत्रणा उभारली. शिक्षकाला विषयाचा जाणता सोबती मिळवून देण्याचे कार्य मात्र तुटकपणे व थोड्या ठिकाणीच झाले आहे. ते गोवंडी–मानखुर्दच्या वस्तीशाळांपासून दुर्गम पाड्यांवरील शाळांपर्यंत सातत्याने पोहोचणे, ही शालेय गणित शिक्षणाची प्रमुख गरज आहे.